लोखंडाच्या जुन्या भट्ट्यांची नोंद करा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

2025 मध्ये पन्हाळगड युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आला. तेव्हापासून तटबंदी, अंबरखाना, सज्जा कोठी यांविषयी भरपूर बोलले जाते आणि ते योग्यच आहे. पण याच डोंगरांत लोखंड गाळणाऱ्यांच्या भट्ट्या पेटत होत्या, त्यांचे नाव कोणी काढत नाही, याचे मला फार वाईट वाटते.

विशाळगड, पन्हाळा, भुदरगड या भागांत सह्याद्रीच्या मुख्य रांगेलगत लोहखनिज सापडते आणि तिथे लोखंड गाळण्याचा धंदा पूर्वी चांगला चालायचा, अशी ब्रिटिशकालीन गॅझेटिअरमध्ये नोंद आहे. पुढे मजुरी वाढली, जळण महागले, बंदरावरून विलायती लोखंड स्वस्तात येऊ लागले आणि धंदा बसला.

माझे आयुष्य फाउंड्रीत गेले. त्यामुळे शाहूवाडीकडे एका शेताच्या बांधात मळीचे (लोखंड गाळताना निघणाऱ्या टाकाऊ गाळाचे, म्हणजे स्लॅगचे) ढेकूळ दिसले, तेव्हा ते ओळखायला वेळ लागला नाही. आकाराच्या मानाने जड, काळपट तांबूस, आणि एका अंगाला काकवी ओघळून थिजावी तशा वळ्या. फुटलेल्या बाजूला लाकडी कोळशाचे ठसे होते, लाकडाच्या रेषांसकट! शेजारी भात्याच्या मातीच्या नळीचा तुकडा, भाजून लाल झालेला.

आमच्या कुपोलात, म्हणजे फाउंड्रीतल्या उभ्या भट्टीत, लोखंडाचे पाणी होते. या जुन्या भट्टीत तेवढी धग नसायची. खनिज आणि कोळसा थरावर थर रचून भाता मारत राहायचे. मळी वितळून खाली वाहायची, आत लोखंडाचा सच्छिद्र गोळा उरायचा. तो तापवून घणाखाली ठोकला की राहिलेली मळी निघायची. लाकडी कोळशात गंधक नसल्यासारखाच, त्यामुळे लोखंड त्याने बिघडत नसे. मात्र हा कोळसा लांबून आणला तर वाटेतच त्याचा भुगा होतो, म्हणून भट्टी रानाजवळच हवी. स्कॉटलंडमध्ये बोनॉ येथे 1753 साली भट्टी उभी राहिली, ती कोळशाला लागणारी झाडी तिथे होती म्हणून. खनिज इंग्लंडहून जहाजाने यायचे. 1876 मध्ये ती बंद पडली. आज ती भट्टी कोळशाच्या कोठारांसह जपलेली आहे आणि लोक ती बघायला जातात.

आपल्या भट्ट्या मातीच्या, त्या ढासळून गेल्या. उरले आहेत ते मळीचे ढीग, आणि मळी म्हणजे कचरा या समजुतीने तेही रस्त्याच्या भरावात जाऊ शकतात. बॉक्साइटसाठी पठारे खोदली जातात ती वेगळीच. वास्तविक मळीत अडकलेल्या कोळशावरून भट्टीचा काळ ठरवता येतो, झाड कोणते तेही कळू शकते. ढीग एकदा हलवला की भट्टी नेमकी कुठे होती हे सांगणारी खूणच गेली.

राज्य पुरातत्त्व विभाग आणि शिवाजी विद्यापीठाने गावोगावच्या जाणत्या माणसांना सोबत घेऊन या जागांची पाहणी करावी, नकाशावर नोंद करावी. नोंद होईपर्यंत तिथली माती-मळी उचलायला मनाई असावी. कोल्हापूरच्या टाउन हॉल म्युझियममध्ये इथल्याच ब्रह्मपुरी टेकडीच्या उत्खननातल्या वस्तू आहेत, त्यांच्या शेजारी या मळीला आणि नळीला जागा मिळावी. खर्चाचा वाटा उद्यमनगर, शिरोली, गोकुळ शिरगावच्या कारखानदारांनी उचलावा. कोल्हापूरच्या यंत्रउद्योगाचा पाया घालणाऱ्यांपैकी म्हादबा मिस्त्रींचे नाव आपण अभिमानाने घेतो. त्यांच्याही आधी या जिल्ह्यात लोखंड गाळणारे हात होते.

पावसाळ्यात त्या भागात गवत माजून काही दिसत नाही. पाहणी उन्हाळ्यातच व्हायला हवी.

आपला,
एक निवृत्त मोल्डर, कोल्हापूर