देवासमोरची शपथ
महोदय,
जानेवारी २०२२ मध्ये गोव्यातील काँग्रेस उमेदवारांनी पणजीचे महालक्ष्मी मंदिर, बांबोळीचा क्रॉस आणि बेतीचा दर्गा येथे पक्ष न सोडण्याची शपथ घेतली. पेपरातला तो फोटो पाहून माझी आई म्हणाली, ‘देवासमोर खोटं कोण बोलेल?’ तिने त्यावर मत ठरवले. त्याच वर्षी सप्टेंबरात काँग्रेसच्या निवडून आलेल्या ११ पैकी ८ आमदार भाजपमध्ये गेले. पक्षांतरबंदी कायद्यातून सुटायला लागणारे दोन तृतीयांश आमदार भरले, म्हणून आमदारकीही शाबूत राहिली! २०१९ मध्येही १५ पैकी १० गेलेच होते. ‘आम्ही कट्टर नाही, विकासासाठी आलो’ हे पक्ष बदलणाऱ्यांचे बोलणे आमच्यासारख्या कुठल्याच झेंड्याखाली नसलेल्या मतदारांना पटते, आणि याचाच फायदा घेतला जातो. खुशाल पक्ष बदला, पण आधी राजीनामा द्या आणि पुन्हा आमच्या दारात मत मागायला या.
– एक मतदार, म्हापसा