दोन मिनिटं सांगून साडेसहा तास, आणि वर माझं लोन लिक्विडेट

नमस्कार सपोर्ट टीम,

गेल्या मंगळवारी रात्री १:१२ ला मी तुमच्या ब्रिज ॲपवरून (एका ब्लॉकचेनवरून दुसरीवर पैसे नेणारं) आर्बिट्रम या इथेरियमच्या जोड-नेटवर्कवरचे ४,००० यूएसडीसी (डॉलरशी बांधलेलं कॉइन) इथेरियम मेननेटवर, म्हणजे मुख्य चेनवर, पाठवले. स्क्रीनवर लिहिलं होतं, अंदाजे वेळ २ मिनिटं. पैसे आले सकाळी ७:४० ला, तेही मेननेटवर नाही, रिफंड होऊन परत आर्बिट्रमवरच!

घाई का होती ते सांगतो. मेननेटवर माझं ९,००० डॉलरचं लोन होतं, इथ (इथेरियमचं कॉइन) तारण ठेवून घेतलेलं, आणि त्या रात्री इथ धडाधड पडत होतं. लोनचा हेल्थ फॅक्टर १.०३, तो १ च्या खाली गेला की तारण विकून लोन वसूल करतात, म्हणजेच लिक्विडेट. आर्बिट्रमच्या स्वतःच्या ब्रिजने मेननेटला यायला सात दिवस लागतात हे मला माहितीये, म्हणून तर तुमच्याकडे आलो ना, की तुमचा लिक्विडिटी प्रोव्हायडर (एलपी) तिकडे स्वतःच्या खिशातून लगेच पैसे देतो आणि माझे नंतर सावकाश वसूल करतो, फी त्याचीच असते.

आर्बिस्कॅनवर (आर्बिट्रमचे व्यवहार दाखवणारी साइट) डिपॉझिटला हिरवं सक्सेस आलं आणि तुमच्या ॲपमध्ये ते चाक नुसतं गोल गोल फिरत बसलं. २:०५ ला हेल्थ फॅक्टर १ च्या खाली गेला आणि निम्मं लोन लिक्विडेट झालं, ४,५०० डॉलरवर लिक्विडेट करणाऱ्याचा ५ टक्के बोनस म्हणजे २२५ डॉलर गेले, वर इथ पडत्या भावात गेलं ते वेगळंच. आपल्याकडे २०२२ पासून क्रिप्टोचा तोटा दुसऱ्या नफ्यातून वजाही करता येत नाही, त्यामुळे त्यावरही पाणी सोडलं.

तुमच्या चॅटवाल्याचं उत्तर काय तर "आम्ही नॉन-कस्टोडियल आहोत, तुमचे फंड्स आमच्याकडे नसतात." अहो, मान्य आहे की! पैसे बुडाले असं मी म्हणतच नाहीये, रिफंडही पूर्ण ४,००० चा आला. पण ते २ मिनिटं कुठल्या एलपीने लिहिलं? ते तुमच्याच स्क्रीनवर होतं. बाजार पडत असताना सगळेच मेननेटकडे पळतात, तिकडचे एलपी रिकामे होतात, हे तुम्हाला दिसत असणारच, तरी कोट तोच, २ मिनिटं. आणि फिल डेडलाइन, म्हणजे एलपीने पैसे द्यायची मुदत, उलटल्यावरसुद्धा रिफंड सेटलमेंटच्या बॅचमध्ये तासन्‌तास अडकतो, हे मला तुमच्या डॉक्युमेंटेशनमध्ये पार खाली सापडलं, सकाळी. आधी कळलं असतं तर एक्स्चेंजमधून फिरवले असते.

डिस्कॉर्डवर विचारलं तर मिनिटभरात एक जण डीएममध्ये, "सर वॉलेट व्हॅलिडेट करा, सीड फ्रेज टाका", म्हणजे वॉलेटची किल्लीच द्या. चोर तुमच्यापेक्षा फास्ट निघाला.

आता मला लेखी सांगा की १:१२ ला त्या रूटवर ४,००० द्यायला एलपीकडे पैसे होते का नव्हते. नसतील तर २२५ डॉलर भरून द्या. आणि कन्फर्म बटणाच्या वरच लिहा की फिल नाही झालं तर पैसे किती तास अडकतील. ट्रान्झॅक्शन हॅश आणि स्क्रीनशॉट सोबत जोडलेत, परत मागू नका, तीनदा पाठवून झालेत.

पुण्याहून, तुमचा दोन वर्षं जुना कस्टमर