खुनी रविवारीच, कोड्याचं उत्तर मात्र पुढच्या रविवारी!

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या पुरवणीतली ‘२०१८मधले चुकवू नयेत असे दहा थरारपट’ ही यादी वाचली. म्हणजे आमच्या यजमानांनी वाचली आणि मी ऐकली. त्यांना पेपर मोठ्यानं वाचायची खोड आहे. तीस वर्षं मी ती सोसते आहे, तेव्हा तो दोष तुमच्या माथी मारत नाही. बाकीचा मारते.

शनिवारी रात्री मी ‘रात्ससन’ हा तमिळ सिनेमा लावला होता. पावणेतीन तासांहून मोठा आहे. अर्ध्यावर डोळे चुरचुरायला लागले म्हणून थांबवला आणि उरलेला रविवारी रात्री बघायचा असं ठरवलं. झोप कसली लागते! सिनेमा काढायची स्वप्नं बघता बघता पोलिसात भरती झालेला तो अरुण, भेटीच्या खोक्यातलं बाहुलीचं ते मुंडकं, आणि आता पुढची मुलगी कोण? दोन वाजेपर्यंत मी अंथरुणात पडून संशयित मोजत होते. चार निघाले. त्यांतल्या एकावर तर मी पैज लावायला तयार होते.

सकाळी नऊच्या सुमारास यजमान म्हणाले, “अगं, तुझ्या कालच्या सिनेमाचा फोटो आलाय,” आणि त्याखालची ओळ खणखणीत आवाजात वाचून मोकळे झाले. त्या ओळीत खुनी होता. नुसता कोण एवढंच नाही, त्यानं असं का केलं तेही होतं.

माझ्या चौघांत तो नव्हता. म्हणजे बघा, रविवारी रात्री केवढी दचकले असते मी. ते दचकणं तुम्ही दीड ओळीत उरकलंत.

लेख टाळता येतो हो. ‘पुढे रहस्यभेद आहे’ असं लिहिलंत तर माणूस पान उलटतो. फोटोखालची ठळक ओळ कशी टाळायची? डोळा आधी तिथेच जातो. आणि आमच्या घरी तर कानांनाही सुटका नाही.

शाळेत असताना मी वाचनालयातून रहस्यकथा आणायचे. त्यांच्या पहिल्या पानावर कोणीतरी महाभाग पेन्सिलीनं लिहून ठेवायचा, ‘खुनी डॉक्टर आहे’. मी खोडरबर घेऊन बसायचे, पण खोडायचं तर आधी वाचलं जातंच. एकदा मात्र त्यानं चक्क खोटं लिहिलं होतं. मी पुस्तकभर त्या बिचाऱ्या डॉक्टरवर पाळत ठेवून बसले आणि शेवटी तोंडावर आपटले. ते पुस्तक मला अजून आवडतं. तुमच्या लेखकाच्या अंगी तेवढाही खट्याळपणा नाही. तो सगळं खरं लिहितो.

त्यांची निवड चांगली आहे, हे कबूल करायला हवं. ‘सर्चिंग’ त्यांनी घेतला, फार बरं वाटलं. हरवलेल्या मुलीचा शोध घेणारा बाप, आणि अख्खी गोष्ट संगणकाच्या न् फोनच्या पडद्यांवर घडते. त्यात मागच्या बातम्यांमधून परग्रहवासीयांचं एक भलतंच उपकथानक हळूच सरकत असतं. ते सांगितलं असतं तर कुणाचं काही बिघडलं नसतं, उलट लोकांनी पुन्हा लावून पाहिला असता. ते यांना दिसलेलं नाही. मुलीचं काय झालं ते मात्र पहिल्याच वाक्यात. ‘द गिल्टी’ हा डॅनिश सिनेमा म्हणजे आणीबाणीचे फोन घेणारा एक पोलीस आणि त्याच्या कानात येणारे आवाज. आपल्याला दिसत काहीच नाही, फक्त ऐकू येतं, त्याचीच सगळी मजा. तीही घालवलीत. वर फोटो २०२१च्या इंग्रजी आवृत्तीचा!

‘अंधाधुन’च्या बाबतीत तर कमालच. श्रीराम राघवन यांनी शेवट मुद्दाम मोकळा सोडला आहे. त्या सशाच्या गोष्टीवर विश्वास ठेवायचा की नाही, यावरून आमच्या घरात अजून दोन पक्ष आहेत, आणि मी माझा पक्ष सोडणार नाही. तुमच्या लेखकानं एका वाक्यात निकाल देऊन टाकला. दिग्दर्शकानं न दिलेला निकाल देण्याचा अधिकार यांना कुणी दिला?

आता तुम्ही म्हणाल, बाई, सिनेमे २०१८चे आहेत, अजून किती वर्षं लपवायचं? पण मग ‘चुकवू नयेत’ हे कुणाला उद्देशून लिहिलंत? ज्यांनी पाहिलेत त्यांना यादीचा उपयोग नाही. ज्यांनी नाही पाहिले त्यांना आता सिनेमाचा उपयोग नाही.

दहांत मराठी एकही नाही, हेही लिहिणार होते. त्याच वर्षी ‘सविता दामोदर परांजपे’ आला होता, गाजलेल्या नाटकावरचा, सुबोध भावे आणि तृप्ती तोरडमल यांचा. मराठी पेपरला तो आठवू नये? पण आता वाटतं, राहिला तेच बरं झालं. निदान त्याचा शेवट तरी शाबूत आहे.

आणि गुपित कसं राखायचं ते तुम्हाला येत नाही असंही नाही. त्याच पानावर खाली शब्दकोडं आहे, त्याचं उत्तर ‘पुढील रविवारी’. आडव्या-उभ्या शब्दांसाठी आठवडाभर तोंडाला कुलूप, आणि सिनेमातला खुनी मात्र फोटोसकट सकाळी दारात!

कोड्याचा विषय निघालाच आहे म्हणून. गेल्या रविवारच्या कोड्यात १४ उभ्याला पाच चौकटी होत्या आणि त्यात बसेल असा शब्दच नव्हता. तसं मी सोमवारीच पत्रानं कळवलं होतं. ते पत्र काही छापून आलं नाही. काल उत्तर आलं, ते चार अक्षरी. मग पाचव्या चौकटीत काय लिहायचं, ते तरी कळवा.

आपली,
एक वाचक