प्रूफ्रॉक म्हातारा, पण कवी कुठे म्हातारा होता?

संपादक महोदय,
आधुनिकतावादी (म्हणजे विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या, जुनी चाकोरी मोडणाऱ्या) कवितेतल्या म्हातारपणाच्या भीतीवरचा तुमच्या पुरवणीतला लेख वाचला, चांगलाय, पण कवी म्हातारे झाले म्हणून ही भीती आली असं त्यात म्हटलंय, ते काय पटलं नाही बुवा. इंग्रजीतला कवी टी. एस. एलियट यानं ‘द लव्ह साँग ऑफ जे. आल्फ्रेड प्रूफ्रॉक’ ही प्रूफ्रॉक नावाच्या माणसाची कविता लिहिली तेव्हा तो जेमतेम 21-22 वर्षांचा होता! 1915 साली ती छापून आली, आणि त्यातला माणूस बघा, टक्कल पडतंय, हातपाय बारीक झालेत, लोक काय म्हणतील, पीच खायची हिंमत करू का नको, असल्याच विचारात अडकलेला, म्हणजे मला तरी वाटतं खरी भीती वयाची नाहीच, आपण काही करून बसलो आणि सगळं बदललं तर काय याची आहे, वय नुसतं निमित्त.

उलट आयरिश कवी येट्स वयाची साठी ओलांडल्यावर ‘सेलिंग टू बायझँटियम’ लिहितो, म्हाताऱ्याला काठीवर अडकवलेला फाटका कोट म्हणतो (मला तर हीच कविता जास्त तरुण वाटते) आणि मागतो काय, तर सोन्याचा पक्षी व्हायला, कधीच न बदलणारी वस्तू! त्यालाही बदल नकोच आहे, फक्त तो ते लपवत नाही. दोघांना एकाच पारड्यात टाकू नका राव, आणि जमलं तर दोन्ही कवितांचे मराठी अनुवाद शेजारी शेजारी छापा.
– एक वाचक