वीस हजार आणि डाव्या हाताची सही

मा. संपादक,
स.न.वि.वि.

भोसरीत पत्रा दाबणाऱ्या प्रेस मशीनखाली बोटं गेली, ही आता बातमीही राहिलेली नाही. 2023 च्या दिवाळीआधी माझ्या भाच्याच्या उजव्या हाताची दोन गेली. वय 25, पगार 12 हजार. आठ माणसांचं वर्कशॉप, म्हणजे तेव्हाच्या फॅक्टरी अ‍ॅक्टच्या लेखी तो कारखानाच नव्हता.

पॉवर प्रेसला दोन बटणं असतात. दोन्ही एकदम दाबल्याशिवाय प्रेस खाली येत नाही, म्हणजे हात डायपासून, पत्रा दाबणाऱ्या साच्यापासून, लांब राहतात. इथे उजव्या बटणात काडी खुपसून ते कायमचं दाबून ठेवलं होतं. उजव्या हाताने पत्रा सरकवायचा, डाव्याने बटण. पीस जास्त निघतात.

दुसऱ्या दिवशी मालक दवाखान्यात मोसंबी घेऊन आले. सोबत टाइप केलेला कागद: चूक माझी, वीस हजार मिळाले, आता काही तक्रार नाही. पोराने डाव्या हाताने सही केली. विषय संपला, असंच मलाही वाटलं.

कामगार न्यायालयातल्या वकीलबाईंनी तो कागद वाचून बाजूला सारला. 1923 च्या नुकसानभरपाई कायद्याच्या कलम 17 नुसार हक्क सोडल्याचा असा करार रद्दबातलच ठरतो. मग त्यांनी हिशोब मांडला: पगाराचे 60 टक्के, गुणिले कायद्याच्या तक्त्यातला त्याच्या वयाचा आकडा 216.91, दोन बोटांचे त्यातले 20 टक्के. तीन लाख बारा हजार! थकले तर वर 12 टक्के व्याज.

हात घसरला, लक्ष नव्हतं, एवढ्यावरून भरपाई बुडत नाही. पण कामगार प्यायलेला होता किंवा त्याने मुद्दाम सुरक्षेची सोय काढली, असं मालकाने सिद्ध केलं तर अशा दुखापतीत पैसे अडतात. म्हणून काडी कोणी लावली, हाच खरा वाद. आता हा कायदा सामाजिक सुरक्षा संहितेत गेला असला, तरी आमचा अपघात जुन्यातलाच. दोन वर्षांच्या मुदतीत दावा लावला. ज्यांच्या पगारातून ईएसआय (सरकारी कामगार विमा) कापला जातो त्यांचा रस्ता वेगळा, पैसे ईएसआयकडूनच. कामाच्या पहिल्या दिवशी अपघात झाला तरी.

काडी दुसऱ्या दिवशी गायब झाली होती. शेजारच्या प्रेसवरच्या पोराने आदल्या संध्याकाळीच मोबाइलवर फोटो काढून ठेवला, तेवढाच पुरावा. त्याचं काम पुढच्या महिन्यात सुटलं. साक्षीला येतो म्हणालाय.

एक वाचक, भोसरी