करकरीत डिल पिकल शिकवणाऱ्या आमच्या काकूंना

काकू, नमस्कार,

फोनवर तुम्ही आभार मानूच देत नाही, "अगं त्यात काय एवढं" म्हणता आणि लगेच विषय बदलता, म्हणून इथेच सगळ्यांसमोर लिहितेय. ज्यांना घरी करून बघायचंय त्यांच्याही कामाला येईल.

इकडे न्यू जर्सीत आल्यापासून लेकाला सँडविचबरोबर डिल पिकल, म्हणजे शेपू घालून व्हिनेगरात मुरवलेली काकडी, लागतंच, पण शेल्फवरच्या बरणीतलं मला कधीच आवडलं नाही, मऊ लागतं. ते का ते तुमच्याकडूनच कळलं, बाहेर टिकावं म्हणून ते बरणीसकट गरम करतात आणि त्या उष्णतेत काकडीचा करकरीतपणा जातो. फ्रिजमध्येच ठेवायचं असेल तर काकडीला आच लावायचीच गरज नाही. फक्त आपल्या लोणच्यासारखं ओट्यावर ठेवायचं नाही, कायम फ्रिजमध्ये आणि महिनाभरात संपवायचं, हे तुम्ही दोनदा बजावलंत.

जुलैत मला फार्मर्स मार्केटला घेऊन गेलात ना, तेव्हा ढिगातली एकेक काकडी उचलून दोन्ही टोकं अंगठ्याने दाबून बघत होतात, जरा मऊ लागली की परत ठेवत होतात, आणि तो विकणारा माणूस हसत होता तरी तुम्ही शांतपणे निवडतच होतात. बुटक्या, खडबडीत सालीच्या कर्बी काकड्याच घ्यायच्या, सुपरमार्केटातल्या लांब चकचकीत काकड्यांवर मेणाचा थर असतो, त्यात व्हिनेगर नीट मुरत नाही.

घरी येऊन त्या बर्फाच्या पाण्यात टाकल्या आणि मग तुम्ही जे दाखवलंत ते मला वाटतं सगळ्यात मोलाचं आहे. आपण कडूपणा जावा म्हणून देठाकडचं टोक कापून चोळतो, पण पिकलसाठी उलट्या बाजूचं, फुलाकडचं टोक कापायचं. काकडी मऊ पाडणारी एन्झाइम्स तिथे असतात, अगदी पातळ चकती उडवली तरी पुरते. लोक द्राक्षाची पानं घालतात, करकरीतपणासाठी पिकल क्रिस्पची पावडर (कॅल्शियम क्लोराइड) घालतात, पण हे टोक काढलं तर पानांची तशी गरज उरत नाही. बाकी काही विसरलात तरी चालेल, हे विसरू नका असं मी आता सगळ्यांना सांगते.

बाकी मग सोपंच आहे. एक क्वार्टच्या (साधारण एक लिटरच्या) बरणीला एक कप पाच टक्के ॲसिडिटीचं पांढरं व्हिनेगर, एक कप पाणी, एक टेबलस्पून पिकलिंग सॉल्ट (म्हणजे काही न मिसळलेलं मीठ, साध्या मिठाने पाणी गढूळ होतं). मीठ विरघळेपर्यंत गरम करायचं आणि पूर्ण गार झाल्यावरच ओतायचं. बरणीत ठेचलेला लसूण, शेपूच्या काड्या तुऱ्यांसकट, थोडा बाळंतशोपा, मिरी, पिवळी मोहरी, आणि काकड्या उभ्या, इतक्या दाटीने की एकही वर तरंगता कामा नये.

आणि काकू, त्या रात्रीच्या फोनबद्दल वेगळं थँक्यू. लसूण चक्क निळा-हिरवा पडला होता, मी घाबरून एवढ्या उशिरा फोन केला तर तुम्ही झोपेतून उठून समजावलंत की लसणातल्या गंधकाच्या घटकांवर आंबटाचा परिणाम होऊन असा रंग येतो, खायला काही हरकत नाही. बरणी फेकणार होते मी! दुसऱ्या दिवशी तुम्ही स्वतः येऊन एक फोड खाऊन दाखवलीत, तो कट्ट असा आवाज ऐकून लेक धावत आला होता.

शेपू म्हटलं की ताटावरून उठणारे आमचे सासरे सध्या इथे आलेत, तेसुद्धा वरणभाताबरोबर हेच मागतात, तुम्हाला सांगायचं राहूनच गेलं होतं. त्यांना तुम्हाला भेटायचंय. शनिवारी त्यांना घेऊन येते, येताना नवीन बरणी आणते, तुमच्याकडचा बाळंतशोपा संपला असेल तर आधी मेसेज करा, इंडियन स्टोअरमधून घेऊन येईन.

तुमची,
समोरच्या बिल्डिंगमधली