टँक कोण चालवत होतं?

बाळा,

अनेक आशीर्वाद. हे मोबाईलवर टाईप करतोय, दोनदा अर्धवट लिहिलेलं उडालं त्यामुळे इकडचं तिकडं झालं असेल तर सांभाळून घे. फोन हातात मिळाला की वाच, पण घाईत वाचू नको.

परवा विजय दिवसाला शाळेत बोलायला बोलावलं होतं. माजी सैनिक म्हणून. आता अपशिंग्यात माजी सैनिक म्हणजे घरटी एक तरी हायच, पण बाकीच्यांनी अंग काढून घेतलं आणि माझ्या गळ्यात पडलं. तुझ्या आईने शर्टाला दोनदा इस्त्री केली. मी चोवीस वर्षं नोकरी केली पण माईक हातात घेतल्यावर पाय लटपटतात ते लटपटतातच.

मी म्हणलं अरुण खेत्रपाल साहेबांचं सांगू. तुझ्यामुळेच सुचलं, कारण तू तिकडं एनडीएत ज्या ग्राउंडवर परेड करतेस, रगडा खातेस, तेच खेत्रपाल परेड ग्राउंड. तुला ठाऊक असेल पण पोरांना काय माहीत, म्हणून सगळं सांगितलं. जन्म पुण्यातला, 1950 चा. 1967 ला खडकवासल्याला तुझ्याच अॅकॅडमीत गेले, 13 जून 1971 ला पूना हॉर्स या टँकच्या पलटणीत सेकंड लेफ्टनंट झाले आणि सहा महिन्यांत लढाई. तेव्हा नगरला कोर्स करत होते, तिथनं बोलावलं. शकरगढच्या बाजूला बसंतर नदी, नदीपलीकडं आपल्या लोकांनी जागा धरलेली, पण मधे सुरुंगच सुरुंग, इंजिनिअरवाल्यांचं रस्ता साफ करायचं काम अजून पुरं झालं नव्हतं तरी पूना हॉर्सचे टँक त्यातनं पुढं गेले. 16 डिसेंबरला जरपालजवळ पाकिस्तानचे पॅटन टँक अंगावर आले आणि शेवटाला आपले तीन टँक आडवे उभे. त्यातल्या एकाचं नाव फामागुस्टा, तो खेत्रपाल साहेबांचा. टँकला आग लागली, वायरलेसवर ऑर्डर आली की टँक सोडा, तर हे म्हणाले नाही सर, माझी गन अजून चालू आहे. त्या दिवशी दहा टँक फोडले गेले त्यातले चार एकट्या यांच्या नावावर. तिथंच गेले. एकवीस वर्षं दोन महिने. त्याच दिवशी तिकडं ढाक्यात पाकिस्तानी फौजेनं शरणागती लिहून दिली. पुढं परमवीरचक्र मिळालं, मरणोत्तर.

एवढं बोललो, टाळ्या झाल्या, मी घाम पुसला. तेवढ्यात पाचवीतलं एक बारकं पोरगं उठलं, नाक पुसत पुसत, आणि म्हणालं, "आजोबा, मग टँक कोण चालवत होतं?"

मला काय उत्तर देता येईना गं. म्हणजे माहीत नव्हतं असं नाही. पण मी स्वतः हवालदार म्हणून रिटायर झालेला माणूस, पंधरा मिनिटं बोललो आणि त्या टँकमधल्या बाकीच्या तिघांचं नावसुद्धा घेतलं नाही याची लाज वाटली. मग सांगितलं. चालवत होते सवार, म्हणजे साधे जवान, प्रयागसिंग. गनवर सवार नाथूसिंग. वायरलेसवर सवार नंदसिंग, ते साहेबांबरोबर तिथंच गेले, बाकीचे दोघं जखमी झाले पण जगले.

तेव्हापासून डोक्यात हेच घोळतंय. टँकमधे ऑफिसर बघतो, बोट दाखवतो, गोळा दुसराच मारतो, गाडी तिसराच हाकतो. माझी गन चालू आहे म्हणजे नाथूसिंग चालू आहे की. आणि त्या आगीत प्रयागसिंगने टँक धरून ठेवला म्हणूनच साहेबांचं नाही सर खरं झालं. साहेब मोठेच, त्यात वादच नाही, एकविसाव्या वर्षी माझी अक्कल काय होती ते तुझ्या आजीला विचार. पण ऑफिसर जेव्हा नाही म्हणतो तेव्हा तो चार जणांच्या वतीनं नाही म्हणतो. हे मला खालनं दिसतं कारण मी कायम खालीच होतो. तू वर जाणार आहेस.

एक किस्सा तुला कधी सांगितला नाही. कुपवाड्याकडं असताना आमच्याकडं नवा लेफ्टनंट आला, तेवीस-चोवीसचा, हुशार, पण आपलंच खरं करणारा. रात्रीच्या पेट्रोलला मी म्हणलं साब नाल्यातनं नको, वरच्या धारेनं जाऊ. ते म्हणाले मालूम है. झालं, रात्रभर कमरेएवढ्या बर्फात फिरलो, एकाची बोटं काळी पडायची बाकी राहिली, उजाडल्यावर कळलं निघालो तिथंच परत आलोय. मी तोंड बंद ठेवलं, आपली काय बिशाद. पण पोस्टवर पोचल्यावर त्या पोराने सगळ्यांना फॉल-इन केलं आणि सगळ्यांसमोर म्हणाला, उस्ताद सही कह रहे थे, गलती मेरी थी. एवढंच. त्या दिवसापासून तो म्हणेल तिथं पलटण जायला तयार. मी तर त्याच्यासाठी विहिरीत उडी मारली असती. हे कुठल्या ट्रेनिंगमधे शिकवत असतील असं मला वाटत नाही, शिकवत असतील तर चांगलंच आहे.

आपल्या गावातला तो दगड तू लहानपणापासून बघतीयस, पहिल्या महायुद्धात गावचे 46 जण गेले त्याचा. आकडा शेंबड्या पोरालाही पाठ आहे. नावं विचार, मलाही चार येणार नाहीत.

घरी येऊन तुझ्या आईला सांगत होतो की खेत्रपाल साहेबांचे वडील, तेही ब्रिगेडियर, 2001 ला एक्याऐंशीव्या वर्षी पाकिस्तानात आपलं जुनं गाव सरगोधा बघायला गेले, आणि ज्या ब्रिगेडियरच्या घरी पाहुणे म्हणून उतरले त्यानेच शेवटच्या रात्री सांगितलं की तुमचा मुलगा माझ्या हातनं गेला. आई भाकरी थापता थापता थांबली. मला वाटलं रडते की काय. तर म्हणाली, त्यांना निदान कळलं तरी, त्या नंदसिंगच्या बापाला कुणी काय सांगितलं असंल हो?

मी गप्प बसलो. तव्यावरची भाकरी करपली.

तू नऊ वर्षांची होतीस तेव्हा शहीद कर्नल संतोष महाडिक साहेबांना शेवटचा सलाम करायला पोगरवाडीला माझ्या गाडीवर मागं बसून आली होतीस, आणि पुढं 2017 ला त्यांच्या पत्नी स्वातीताई स्वतः लेफ्टनंट झाल्या तेव्हा तो पेपर तू कपाटाला आतनं चिकटवलास. अजून आहे तिथंच, आई काढू देत नाही. मला तेव्हाच कळायला पाहिजे होतं ही पोरगी ऐकायची नाही. 2025 च्या मे महिन्यात तुमच्या अॅकॅडमीतल्या पहिल्या सतरा मुली अंतिम पग, म्हणजे पास होऊन बाहेर पडतानाची शेवटची पायरी, ओलांडून गेल्या ते मी मोबाईलवर चार वेळा बघितलं, तुला सांगितलं नव्हतं.

बाकी आलं काढायला सुरुवात केली, भाव पडलाय, नेहमीचंच. आजीचा गुडघा बरा. डिंकाचे लाडू आणि कंदी पेढे पाठवलेत, पेढे एकटी खाऊ नको.

आणि एक काम कर. तुमच्या मेसमधे रोज वाढतात त्यांचं नाव आणि गाव विचारून ठेव, आणि तुमच्या ड्रिल उस्तादांचंही. पुढच्या फोनला मी विचारणार आहे.

तुझा,
पप्पा